‘ईसीएम गेलाय’ म्हणजे कशावरून?

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी मिसिंग करू लागते, किंवा सकाळी सेल्फ फिरतो पण इंजिन काही पकडत नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, पडद्यावर एक कोड उमटतो, त्या नावाचा सेन्सर बदलला जातो, दिवा विझतो आणि चार दिवसांनी पुन्हा लागतो. मग दुसरा सेन्सर. तोही बदलून झाला की मेकॅनिक मान हलवत म्हणतो, “साहेब, ईसीएम गेलाय.” ईसीएम किंवा ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा संगणक. गाडीच्या महागड्या सुट्या भागांमध्ये त्याची गणना होते, आणि तो सीलबंद पेटीत असल्यामुळे त्याच्यावर आळ घेणे सोपे जाते. पेटीच्या आत डोकावून कोणी खातरजमा करू शकत नाही. हा आळ बहुतेक वेळा खोटा निघतो, असे या लेखाचे म्हणणे आहे. तो खरा की खोटा हे साध्या डिजिटल मल्टिमीटरने आणि ठरावीक क्रमाने तपासता येते. तो क्रम गाडीच्या मालकाने समजून घेतला, तर चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा खर्च वाचतो.

आधी या संगणकाचे काम पाहू. कार्ब्युरेटरच्या काळात इंजिनात ओढली जाणारी हवाच जेटमधून पेट्रोल खेचून नेत असे. किती हवेला किती पेट्रोल, याचा हिशेब जेटच्या भोकांत कायमचा ठरलेला असे. प्रदूषणाचे नियम कडक झाले तसा हा ढोबळ हिशेब पुरेना. आपल्याकडे २००० सालाच्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हिशेबाने पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्या रुळल्या, १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ही स्वतःचे दोष स्वतः नोंदवणारी व्यवस्था बंधनकारक झाली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते, आणि उत्प्रेरक बसवलेला सायलेन्सर या प्रमाणाच्या अगदी जवळपासच नीट काम करतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर दर सेकंदाला १०० वेळा, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एका सिलिंडरला पेट्रोल आणि ठिणगी हवी असते. क्रँक सेन्सरकडून इंजिनाची स्थिती, मॅप किंवा मास एअर फ्लो सेन्सरकडून हवेचा अंदाज, कूलंटचे तापमान, थ्रॉटलची उघडझाप आणि सायलेन्सरमधल्या ऑक्सिजनची खबर घेऊन इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा आणि ठिणगी कधी टाकायची, हे ईसीएम ठरवतो. हिशेब त्याचा असला तरी त्यातले आकडे दुसरेच कोणी पुरवत असते.

दोष शोधताना बहुतेक लोक इथेच चुकतात. ईसीएमला तापमान कळत नाही, हवा कळत नाही, त्याला फक्त व्होल्ट कळतात. कूलंट सेन्सरचे उदाहरण घ्या. हा सेन्सर म्हणजे दोन तारांचा एक रोध, थंड असताना जास्त आणि तापला की कमी होणारा. ईसीएम आपल्या आतल्या एका ठरावीक रोधामधून त्याला ५ व्होल्ट देतो आणि तारेवर किती व्होल्ट उरले त्यावरून तापमान ठरवतो. आता ही तार कुठेतरी तुटली, तर वीज वाहतच नाही आणि पूर्ण ५ व्होल्ट तसेच उरतात. ईसीएमच्या तक्त्यात एवढ्या व्होल्टचा अर्थ ‘अतिशय थंड’ असा लिहिलेला असतो. मे महिन्यात नागपुरात उभ्या असलेल्या गाडीचे कूलंट स्कॅनरवर उणे ४० अंश दिसू लागते आणि पी ०११८ हा कोड नोंदवला जातो. स्कॅनरवर त्या कोडपुढे ‘कूलंट सेन्सर सर्किट, सिग्नल जास्त’ असा मजकूर येतो. त्यातला ‘सर्किट’ हा शब्द वाचायचा राहतो आणि ‘सेन्सर’ तेवढा लक्षात राहतो. सर्किटमध्ये सेन्सर आहे, दोन तारा आहेत, कपलर आहे, अर्थिंग आहे आणि सगळ्यात शेवटी ईसीएम आहे. कोडने या पाचांपैकी कोणाचेही नाव घेतलेले नाही.

नाव काढून घ्यायला अर्धी वीत तार पुरते. इग्निशन बंद करून सेन्सरचा कपलर काढा, इग्निशन चालू करून स्कॅनरवर तापमान बघा. ते उणे ४० च्या आसपास दिसले पाहिजे. मग कपलरमधल्या दोन पिना बारीक तारेने एकमेकींना जोडा. आकडा झपाट्याने दुसऱ्या टोकाला, उकळत्या पाण्याच्याही वर जायला हवा. दोन्ही टोके नीट दिसली, तर तारा शाबूत आहेत, ईसीएमचा तो भाग ठणठणीत आहे आणि दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या कपलरच्या पकडीत आहे. आकडा जागचा हलला नाही, तर सेन्सर बदलून काहीही होणार नाही, तारेचा माग काढत ईसीएमच्या कपलरपर्यंत जावे लागेल. हाच प्रयोग ईसीएमच्या टोकाशी केल्यावरही आकडा हलला नाही, तरच संशय ईसीएमवर येतो. पाच मिनिटांच्या या कामात महागड्या पेटीला निर्दोष ठरवणारा पुरावा हाती येतो. मात्र हा प्रयोग दोन तारांच्या तापमान सेन्सरपुरताच. तीन तारांच्या सेन्सरवर पिना अंदाजाने जोडू नयेत, त्यात ५ व्होल्टचा सप्लाय थेट अर्थ होऊ शकतो.

यावर कोणी म्हणेल, तापमानाचे ठीक आहे, पण कितीतरी कोड तर थेट दोषच सांगतात. सांगतात, पण तो दोष कशामुळे आला हे सांगत नाहीत. पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. हा कोड आला की बऱ्याचदा बळी जातो तो ऑक्सिजन सेन्सरचा, कारण खबर त्याने दिलेली असते. खबर खरी असण्याचीच शक्यता जास्त. इनटेकचा रबरी पाइप चिरलेला असेल, पंपाचा दाब कमी असेल, फिल्टर तुंबला असेल, तर मिश्रण खरोखरच पातळ होते. इथे स्कॅनरवरचे ‘फ्युएल ट्रिम’ उपयोगी पडते. हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवावे वा घटवावे लागते आहे, हा तो आकडा. साधारण उणे १० ते अधिक १० हे त्याचे नेहमीचे घर. मास एअर फ्लो सेन्सरच्या गाडीत हा आकडा स्लोवर अधिक २० च्या पुढे आणि इंजिन अडीच हजारांवर नेताच जवळजवळ शून्यावर येत असेल, तर मोजमापाला चुकवून हवा आत शिरते आहे. उलट स्लोवर ठीक आणि वेग व भार वाढला की चढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा तपासावा. मॅप सेन्सरच्या गाडीत आत शिरलेली हवाही दाब म्हणून मोजली जाते, म्हणून तिथे पातळ मिश्रणापेक्षा चढलेला स्लो हीच गळतीची खूण असते. कोड एकच, पण आकडा कधी वाढतो यावरून आरोपी बदलतो.

मिसिंगच्या कोडलाही हीच रीत. पी ०३०२ म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर नीट जळत नाही. ज्या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे, तिथे दोन आणि तीन नंबरच्या कॉइलींची अदलाबदल करा आणि गाडी चालवून बघा. कोड पी ०३०३ झाला, तर दोष कॉइलबरोबर सरकला आणि गुन्हेगार सापडला. तो दोन नंबरवरच राहिला, तर प्लगचीही तशीच अदलाबदल, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. एकही नवा भाग विकत न घेता एवढी मजल मारता येते. हे करताना पिवळा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी दामटू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तिथे पेटते आणि उत्प्रेरक जाळून टाकते, मग मूळ दुरुस्तीहून ते बिल मोठे होते.

एखादाच कोड असेल तर वरचे सारे. पण स्कॅनरवर एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सात कोड एकदम आले, तर काय समजायचे? ‘ईसीएम गेलाय’ हा शेरा सर्वात जास्त वेळा इथेच मारला जातो, आणि सर्वात कमी वेळा इथेच खरा असतो. पाच सेन्सर एका दिवशी मरत नाहीत हे तर्कशास्त्र बरोबर आहे, पण त्या पाचांना सामाईक असलेली गोष्ट ईसीएमच असली पाहिजे असे नाही. बॅटरी सामाईक आहे, अर्थिंग सामाईक आहे, सेन्सरांना जाणारा ५ व्होल्टचा सप्लायही सामाईक आहे. म्हणून पहिले माप बॅटरीचे. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसावेत. सेल्फ मारताना ते साडेनऊच्या खाली जाऊ नयेत, आणि इंजिन चालू असताना साडेतेरा ते पावणेपंधराच्या दरम्यान असावेत. दुसरे माप अर्थिंगचे, आणि ते बीप वाजवून घ्यायचे नसते. जाड तारेच्या पंचवीस काड्यांपैकी एकच शिल्लक असली तरी मल्टिमीटर आनंदाने बीप करतो, पण त्या एका काडीतून लागेल तेवढा करंट जात नाही. इंजिन चालू ठेवा, हेडलाइट आणि पंखा लावा, मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक ईसीएमच्या अर्थ पिनवर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर टेकवा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंग उघडून घासून पुन्हा आवळा. ०.३ व्होल्टचा फरक किरकोळ वाटेल. पण ऑक्सिजन सेन्सरचा सारा खेळ सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये चालतो, आणि त्याच्या सिग्नलमध्ये ही चूक मिसळली तर पातळ मिश्रण घट्ट किंवा घट्ट मिश्रण पातळ वाटू शकते.

सामाईक ५ व्होल्टची गंमत आणखी वेगळी. थ्रॉटल, मॅप, एसीचा प्रेशर सेन्सर अशा तीन तारांच्या अनेक सेन्सरांना हा सप्लाय ईसीएमकडून एकाच वाटेने जातो. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला, तर तो सगळ्यांचाच सप्लाय खाली ओढतो. निर्दोष सेन्सरही चुकीची माहिती देऊ लागतात, गाडी बंद पडते, आणि काही गाड्यांत तर ईसीएम स्कॅनरशी बोलणेच थांबवतो. मेलेल्या संगणकाची सारी लक्षणे दिसतात. अशा वेळी सप्लायच्या तारेवर मल्टिमीटर लावून एकेक सेन्सरचा कपलर काढत जावे. ज्या क्षणी ५ व्होल्ट परत येतात, त्या क्षणी हातात असलेला कपलर ज्या सेन्सरचा, तो दोषी. सगळे काढूनही आले नाहीत, तर ईसीएमच्या कपलरमधून ती एकच पिन सोडवून पेटीच्या तोंडाशी माप घ्यावे. तिथे ५ आहेत आणि बाहेर नाहीत, म्हणजे तार कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे.

आपल्याकडच्या गाड्यांत तारांवर विशेष लक्ष द्यावे लागते, त्याला कारणे आहेत. पावसाळ्यात उबेला बॉनेटखाली शिरणारे उंदीर वायरिंग कुरतडतात. कोकणपट्टीच्या खाऱ्या दमट हवेत कपलरच्या पिनांवर, तांब्याच्या भांड्यावर चढावा तसा हिरवा थर चढतो. बाहेरून बसवलेले सेंट्रल लॉक, म्युझिक सिस्टिम, जादा हेडलाइट यांच्या तारा मूळ वायरिंगला सोलून गुंडाळलेल्या असतात. सीएनजी किट नंतर बसवले असेल, तर पेट्रोल इंजेक्टरांच्या तारा कापून त्या किटच्या पेटीतून फिरवलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरच्या वाटेत नवे सांधे आलेले असतात. त्यामुळे ‘कधी येतो, कधी जातो’ अशा दोषात इंजिन स्लोवर ठेवून आणि फिरत्या पट्ट्यांपासून हात लांब ठेवून वायरिंगचा एकेक भाग हलके हलवून बघणे, ही साधी वाटणारी चाचणी फार मोलाची ठरते. हलवताना इंजिन अडखळले, की दोषाची जागा वीतभर अंतरात सापडली.

आता तो प्रसंग, जिथे स्कॅनर ईसीएमशी बोलतच नाही. इथे तरी ईसीएम दोषी मानायचा का? अजून नाही. संगणकाला वीज मिळाली नाही, तरी तो गप्पच बसतो. बहुतेक गाड्यांत चावी ‘ऑन’ केल्यावर इंजिनाचा दिवा लागतो आणि मागून पेट्रोल पंपाची दोन सेकंदांची गुणगुण ऐकू येते. दोन्ही नसतील, तर आधी फ्यूज आणि मेन रिले बघा. डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल, तर तो इमोबिलायझर चावी ओळखत नाही असा अर्थ, म्हणून दुसरी चावी लावून बघा. मग स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटकडे वळा. १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचे व्होल्ट आणि ४ व ५ वर अर्थ नसेल, तर स्कॅनरच उपाशी आहे. कॅन वायरिंगच्या, म्हणजे ज्यात संगणक दोन सामाईक तारांवरून एकमेकांशी बोलतात अशा, गाडीत बॅटरी सोडवून ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजा. वायरिंगच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध असतात, त्यामुळे साधारणपणे ६० ओहम मिळायला हवेत. १२० मिळाले तर एक टोक तुटलेले, शून्याजवळ मिळाले तर दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या. ओहमचे माप घेताना सर्किटमध्ये वीज असता कामा नये, आणि ईसीएमच्या सिग्नल तारांवर जुन्या पद्धतीचा टेस्ट लॅम्प कधीही लावू नये. त्या बल्बला लागणारा करंट पुरवता पुरवता धडधाकट ईसीएमही खराब होऊ शकतो.

म्हणजे ईसीएम कधी बिघडतच नाही, असा दावा आहे का? नाही. तो बिघडतो, आणि बहुधा त्याला काही सबळ कारण असते. पाणी आत शिरते, जंप-स्टार्टच्या वेळी केबल उलट्या लागतात, बॅटरी न सोडवता बॉडीला वेल्डिंग केले जाते, किंवा शॉर्ट झालेली कॉइल वा इंजेक्टर ईसीएमच्या आतला ड्रायव्हर जाळतो. जुन्या गाड्यांत आतले कपॅसिटरही दगा देतात. पी ०६०१ किंवा पी ०६०६ यांसारखे कोड ईसीएमच्या स्वतःच्या मेमरी आणि प्रोसेसरबद्दलच असतात. तेही सप्लाय आणि अर्थिंग तपासल्यानंतर पुन्हा आले, तर गांभीर्याने घ्यावेत. पण खात्रीचा पुरावा म्हणाल तर असा. एका इंजेक्टरच्या तारेवर १२ व्होल्ट येत आहेत, इंजेक्टर ठीक आहे, दुसरी तार ईसीएमपर्यंत अखंड आहे आणि कुठे अर्थही झालेली नाही, बाकीच्या इंजेक्टरांना ठोके मिळताहेत, आणि याच एकाला मिळत नाहीत. आत जाणारे सगळे बरोबर, बाहेर येणारे चूक. ही दोन वाक्ये मापांनिशी सिद्ध झाली, की ईसीएमला दोषी ठरवायला हरकत नाही. त्यानंतरही त्याला कशाने मारले हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये, नाहीतर तीच शॉर्ट कॉइल नव्यालाही जाळील.

“एवढी मापे कशाला, दुसऱ्या गाडीतला ईसीएम लावून बघू, चालली तर चालली,” ही सूचना व्यवहारी वाटते. इमोबिलायझर नसलेल्या जुन्या गाड्यांत ती चालूनही जायची, पण आजच्या गाडीत ईसीएम हा इमोबिलायझरच्या चावीशी जोडलेला असतो. परका ईसीएम लावला तर गाडी बहुधा चालूच होत नाही, आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय बाहेर शॉर्ट असेल तर उसना आणलेला ईसीएमही जळतो. बॅटरीचे टर्मिनल काढून ‘रिसेट’ मारण्याचा उपाय तर पुरावाच पुसतो. बिघाडाच्या क्षणी इंजिनाचा वेग किती, तापमान किती, भार किती, याची नोंद ईसीएमने ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणून जपलेली असते. कोड पुसला की तीही जाते, आणि इतक्या दिवसांत शिकलेले ट्रिमही अनेक गाड्यांत शून्यावर येते. म्हणून गॅरेजमध्ये काहीही करण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेमचे फोटो मोबाइलवर काढून ठेवावेत.

शेवटचा आक्षेप सर्वात रास्त आहे. ही कामे मेकॅनिकची, ग्राहकाने मल्टिमीटर घेऊन बॉनेटखाली का वाकावे? आणि मेकॅनिकलाही या तपासणीचे पैसे कोण देतो? भाग बदलला की बिल होते, तासभर मोजमाप केले की ग्राहक म्हणतो, “काही बदलले नाही, मग पैसे कसले?” या प्रश्नाने आपणच मेकॅनिकला भाग बदलण्याकडे ढकलतो. तपासणीची मजुरी आनंदाने देणारा ग्राहक शेवटी कमी खर्चात सुटतो, कारण एका तासाची मजुरी कुठल्याही गाडीच्या ईसीएमपेक्षा स्वस्तच असते. मल्टिमीटर हातात घ्यायचा नसेल तर घेऊ नका. मात्र ‘सेन्सर गेलाय’, ‘ईसीएम गेलाय’ असे कोणी म्हटले, की एकच शब्द विचारा: “कशावरून?” उत्तरात फक्त कोडचा नंबर आला, तर तपास अजून सुरूही झालेला नाही. उत्तरात व्होल्ट आले, कुठल्या पिनवर किती हवे होते आणि किती मिळाले हे आले, तर निश्चिंत मनाने खिशात हात घाला.